‘म्हणे’चा लोप : जुनी इंग्रजी पुस्तके आणि हौशी इतिहासवाचक

१

विदर्भातील बहुतेक तालुक्यांच्या गावी एका विशिष्ट प्रकारचा वाचक आढळतो. तो निवृत्त शिक्षक असतो, वकील असतो, क्वचित पोस्टातील किंवा महसूल खात्यातील कारकून असतो. इतिहासाची पदवी त्याच्यापाशी असेलच असे नाही. त्याच्या संग्रही मात्र जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या प्रती असतात : ग्रँटचे १८७० सालचे मध्य प्रांताचे गॅझेटियर, रसेलने संपादिलेले १९०६ सालचे वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर, रिचर्ड जेंकिन्सने नागपूरच्या भोसल्यांच्या मुलखाविषयी सिद्ध केलेला आणि १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल, एखादा जमाबंदीचा अहवाल. पूर्वी ही पुस्तके मोठ्या ग्रंथालयांत जाऊन हाताने उतरवून घ्यावी लागत. आता त्यांच्या छायाप्रती कोणालाही विनासायास मिळतात. इंग्रजी अंमलाचा इतिहास आणि त्या अंमलाने लिहून ठेवलेला आपल्या गावाचा इतिहास असा दुहेरी शोध हा वाचक घेत असतो.

या छंदाकडे विद्यापीठीय अभ्यासक बहुधा सौम्य उपेक्षेने पाहतात. ही उपेक्षा योग्य नाही, कारण समाजाच्या इतिहासविषयक समजुती जेथे घडतात ते स्थान हेच आहे. गावाची स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवातील भाषण, देवस्थानाची माहितीपुस्तिका या साऱ्यांचा लेखक हा हौशी वाचकच असतो. त्याच्या लेखनात एक वाक्य वारंवार येते : ‘गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे.’ हे वाक्य आले की वाद संपतो. एका परकीय सत्तेच्या कारभारासाठी लिहिलेल्या पुस्तकाला स्वतंत्र देशातील एका गावाच्या आत्मकथनात असे निर्णायक स्थान का मिळावे, आणि ते देताना वाचक कोणती जबाबदारी पत्करतो, हा प्रश्न इतिहासशास्त्राच्या पद्धतीपुरता नाही. साक्ष कोणाची मानावी आणि ती मानल्यावर कोणाला उत्तरदायी राहावे, हा त्याचा गाभा आहे. म्हणून तो नैतिक प्रश्न आहे.

२

वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी वसलेले पवनार हे या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचे गाव आहे. त्याच्याविषयी निरनिराळ्या काळांतील आणि निरनिराळ्या हेतूंची लेखने उपलब्ध आहेत. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून त्याचा निर्देश येतो. इंग्रजी अंमलात १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले, आणि जवळचे जुने पवनार जिल्ह्याच्या वर्णनात एक उतरत्या कळेचे प्राचीन ठाणे म्हणून उरले. पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी याच गावात विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. इंग्रजी पुस्तकाने ज्याची नोंद महसुली घटक म्हणून केली, त्या गावाने इंग्रजी सत्तेला दिलेले हे उत्तर होते.

पवनारविषयीची एक दंतकथा जिल्ह्याच्या गॅझेटियर-परंपरेतून पुढे चालत आली आहे. पवन नावाचा राजा येथे राज्य करीत होता. त्याच्यापाशी परीस होता. तो रयतेकडून नाण्यांत सारा घेत नसे. शेतकरी त्याला नांगराचे लोखंडी फाळ आणून देत आणि राजा परिसाच्या स्पर्शाने त्यांचे सोने करी. गावाच्या नावाची व्युत्पत्तीही याच राजाशी जोडली जाते.

ही कथा गावात ज्या भाषेत सांगितली जात असेल त्या भाषेत तिच्या प्रत्येक वाक्यामागे ‘म्हणे’ हा शब्द असणार. ‘येथे पवन राजा होता म्हणे.’ मराठीतील हे छोटेसे अव्यय महत्त्वाचे ज्ञानविषयक कार्य करते. जे सांगितले जात आहे ते सांगणाऱ्याने पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. त्याचा भार तो स्वतःवर घेत नाही आणि ऐकणाऱ्यावरही लादत नाही, एवढे सारे ते एका शब्दात नोंदविते. इंग्रज अधिकाऱ्याने कथा लिहून घेताना ‘परंपरा असे सांगते’ अशा अर्थाचे शब्द योजून या अव्ययाचा अनुवाद केला. तो कोरडा असला तरी प्रामाणिक होता. गळती पुढच्या टप्प्यावर झाली. हौशी वाचकाने तो मजकूर पुन्हा मराठीत आणला तेव्हा ‘परंपरा सांगते’ हे शब्द गळाले आणि त्यांच्या जागी ‘गॅझेटियरमध्ये नोंद आहे’ हे शब्द आले. गावाने सांगितलेली गोष्ट इंग्रजीतून फिरून गावाकडे आली, ती पुरावा होऊन. सांगणारा एकच होता. त्याचा आवाज आणि त्याच आवाजाचा पडसाद असे दोन साक्षीदार मोजले गेले.

या व्यवहारात कोणीही खोटे बोललेले नाही, आणि अडचण येथेच आहे. असत्यकथनाचा दोष कोणावर ठेवता येत नाही, तरीही साखळीच्या शेवटी असत्याचा संभव निर्माण होतो. केवळ एक पात्रताबोधक शब्द वगळल्यामुळे श्रुत गोष्ट घटना बनते. साक्षीचा हा प्रवास ज्याच्या हातून पुरा होतो तो वाचक आपल्या निष्काळजीपणास ‘हौस’ हे सौम्य नाव देऊन मोकळा होऊ शकत नाही.

३

साक्षीचा विचार भारतीय परंपरेत न्यायदर्शनाने शब्दप्रमाणाच्या संदर्भात केला आहे. आप्ताचा उपदेश हे शब्दप्रमाण होय. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने न्यायभाष्यात केलेले विवेचन प्रस्तुत प्रश्नास थेट लागू पडते. ज्याने वस्तू साक्षात जाणलेली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्टपणे म्हणतो. वक्त्याचे कुळ, धर्म किंवा राष्ट्र हा विश्वासार्हतेचा निकष नाही. त्याने पाहिले काय आणि ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची तयारी आहे काय, एवढेच दोन प्रश्न उरतात.

हे दोन प्रश्न घेऊन गॅझेटियर वाचले तर त्याचा मजकूर एकजिनसी राहत नाही. त्यात किमान चार प्रकारची विधाने वेगळी काढता येतात : प्रशासनाने स्वतः केलेल्या गोष्टी, अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी, त्याने ऐकलेल्या गोष्टी आणि त्यावरून त्याने ठरविलेल्या गोष्टी. जिल्हा कधी निर्माण झाला, ठाणे कोठे हलविले, सारा किती आकारला, याबाबत इंग्रज अधिकारी आप्त आहे, कारण कर्ता तोच आहे. नदीकाठच्या पडक्या तटाचे वर्णन करतानाही तो, त्याच्या नजरेच्या मर्यादा मान्य करून, आप्त ठरू शकतो. पवन राजाच्या बाबतीत मात्र तो आप्त नाही. तो केवळ वाहक आहे. ‘अमुक जमात आळशी आहे’ असे तो लिहितो तेव्हा तर तो न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असतो आणि साक्षीदाराचे लक्षण त्याला लागूच होत नाही. एकाच पानावर, एकाच गंभीर शैलीत ही चारही विधाने शेजारी शेजारी येतात. शैलीची ही समानता विधानांच्या अधिकारातील भेद झाकते. संहितेच्या शैलीने झाकलेले भेद उघड करणे हे साहित्यसमीक्षेचे परिचित काम आहे. गॅझेटियरच्या वाचनात त्याला नैतिक परिमाण येते, इतकेच.

श्रुत विधान पुरावा म्हणून दुबळे ठरले तरी ते निरुपयोगी ठरत नाही. नाण्यांऐवजी फाळ स्वीकारणाऱ्या राजाची कथा ज्यांनी लिहून घेतली त्यांचे मुख्य काम सारा ठरविणे हे होते. रोख साऱ्याच्या काळात, सारा आकारणाऱ्या सत्तेसमोर, सारा न घेणाऱ्या राजाची आठवण सांगितली जावी, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. कथा त्याहून पुष्कळ जुनी असू शकेल. पण जुनी कथा कोणासमोर सांगितली जाते यावरही तिचा अर्थ अवलंबून असतो. तिच्यात राज्यकर्त्याने कसे असावे याविषयी रयतेचे एक मत दडले असणे शक्य आहे. इंग्रजी पुस्तकाने ते मत कुतूहलाची वस्तू म्हणून जतन केले. पवन राजाचे राज्य कोणत्या शतकात होते, हे शोधत बसणारा वाचक कथेतून इतिहास काढू पाहतो आणि कथा जे खरोखर सांगत असते तेच त्याच्या हातून निसटते. ‘म्हणे’ राखले तर दोन्ही वाचते : इतिहासाची शुद्धता आणि कथेचा आशय.

४

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. जेत्यांची पुस्तके मुळात विश्वासार्ह मानूच नयेत, त्यांच्यातील भेदाभेद करीत बसणे ही वासाहतिक मनोवृत्तीच होय, असे म्हणता येईल. या आक्षेपाला मराठीतच मोठी परंपरा आहे. पण ती परंपरा तपासली तर ती आक्षेपाच्या बाजूने उभी राहत नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे डेव्हिड केपनने केलेले भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठीत आले. परक्याच्या ग्रंथाला देशी वाङ्मयप्रकाराचे नाव मिळाले आणि त्याबरोबर घरच्या ग्रंथाचा मानही मिळू लागला. १८६८ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर टीका लिहिली तेव्हा ते तरुण विद्यार्थी होते. त्यांनी डफला तो इंग्रज आहे म्हणून नाकारले नाही. त्याची विधाने साधनांशी ताडून पाहिली आणि उणिवा दाखविल्या. पुढे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तेव्हा त्यांच्या कठोर चिकित्सेतून देशी बखरीही सुटल्या नाहीत. परक्यांच्या ग्रंथाला लावलेली कसोटी त्यांनी घरच्या ग्रंथाला लावली आणि मग अस्सल पत्रांचा ध्यास घेऊन गावोगाव पायपीट केली.

येथे समान मापाचे तत्त्व स्पष्ट होते, आणि हौशी वाचनातील खरा दोष त्याच्या उल्लंघनात आहे. इंग्रजी पुस्तकात आपल्या गावाची, जातीची किंवा पूर्वजांची स्तुती आढळली की ‘शत्रूनेही मान्य केले आहे’ असे म्हणून ती मिरवावयाची आणि त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर निंदा आढळली की ‘हे इंग्रजांचे कारस्थान’ म्हणून ती फेकून द्यावयाची, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिच्यात ग्रंथाच्या अधिकाराचा काहीच विचार नसतो. वाचकाची इच्छा आधी निर्णय देते आणि साक्षीदार नंतर बोलाविला जातो. सरसकट विश्वास आणि सरसकट अविश्वास या दोहोंपेक्षा ही सोयीची निवड अधिक घातक आहे, कारण ती संशोधनाचा वेष धारण करते.

५

दुसरा आक्षेप विरुद्ध दिशेने येतो. विधानांचे इतके सूक्ष्म वर्गीकरण हौशी माणसाच्या आवाक्यातले नाही. ते तज्ज्ञांवर सोपवावे, असे सुचविले जाते. हा आक्षेप स्वतः त्या जुन्या पुस्तकांचाच इतिहास विसरतो. नागपूर भागातील शिलावर्तुळांचा अभ्यास करणारा स्टीफन हिस्लॉप मिशनरी होता. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये तो पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला. जुनापाणी येथील वर्तुळांविषयी १८७९ मध्ये लिहिणारा रिव्हेट-कार्नक कापूस खात्याचा कमिशनर होता. राजवाडे कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिणारे या. मा. काळे वकील होते. या प्रदेशाचा इतिहास बऱ्याच अंशी हौशी माणसांनीच उभा केला आहे. तज्ज्ञ आणि हौशी यांच्यातील भेद पगाराचा असू शकेल. उत्तरदायित्वाचा भेद त्यातून निघत नाही.

उलट गावातील हौशी वाचकापाशी अशी एक गोष्ट असते जी गॅझेटियरच्या संपादकापाशी नव्हती. शेतांची नावे, नदीचे जुने पात्र, कोणती कथा कोणत्या घरात कशी सांगतात हे त्याला ठाऊक असते. पुस्तकातून पुन्हा मूळ सांगणाऱ्याकडे आणि मूळ जमिनीकडे जाणे त्याला शक्य असते. पवनारच्या बाबतीत जमिनीने दिलेली साक्ष पुस्तकांच्या कितीतरी पुढे गेली. विनोबा १९३८ मध्ये येथे राहावयास आले. आश्रमाच्या जमिनीत शेतीसाठी खणताना प्राचीन शिल्पे सापडू लागली. त्यांतील एका शिल्पात विनोबांनी भरत आणि राम यांची भेट पाहिली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना भरताच्या भक्तीवर ते बोलले होते. त्यांच्या दृष्टीने हे शिल्प ईश्वरी संकेताच्या योग्यतेचे होते. वा. वि. मिराशी यांनी ही शिल्पे वाकाटकांच्या इतिहासाशी जोडली आणि ताम्रपटांतील प्रवरपूर ही राजधानी म्हणजेच पवनार, असे मत मांडले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले आणि शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी त्याचा अहवाल लिहिला. पवन राजाच्या दंतकथेने ज्याची कल्पनाही दिली नव्हती, असा एक भूतकाळ गावाला मिळाला.

हा भूतकाळही अंतिम ठरलेला नाही. शिल्पांतील प्रसंगांच्या ओळखीविषयी मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांत मतभेद झाले. रामटेकजवळील मनसर येथे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या उत्खननानंतर प्रवरपूर म्हणजे मनसर असावे, हे मत बळावले. पवनारच्या अभिमानी वाचकाची खरी परीक्षा येथे होते. परिसाची कथा सोडणे सोपे आहे, कारण तिच्यावर तो मनातून पूर्ण विश्वास ठेवतच नव्हता. आपले गाव राजधानी होते, हा मिराशींसारख्या थोर विद्वानाने दिलेला निष्कर्ष ‘विवाद्य’ या शब्दासह बाळगणे कठीण आहे. तरीही ते करावे लागते. विनोबांना त्या शिल्पात जे दिसले त्याचे मूल्य मूर्तिशास्त्राच्या निर्णयावर अवलंबून नाही, कारण तो भक्तीचा अर्थ होता आणि त्या अर्थाचा त्यांनी इतिहासाचा पुरावा केला नाही. भक्ताचा अर्थ आणि इतिहासकाराचे अनुमान यांच्या सीमा ज्याने राखल्या त्याला दोन्हींचा आदर करता येतो. सीमा पुसल्या की दोन्हींचा उपयोग भांडणासाठी होऊ लागतो.

६

आतापर्यंतचा विचार सत्याशी असलेल्या बांधिलकीचा झाला. जुन्या पुस्तकाच्या वाचकाला माणसांचेही देणे लागते. पहिले देणे त्या ग्रंथांमागील अनामिकांचे. ‘मध्य प्रांतातील जाती व जमाती’ हा १९१६ सालचा चार खंडांचा ग्रंथ रसेलच्या नावाने ओळखला जातो. रायबहादूर हिरालाल यांचे नाव मुखपृष्ठावर सहायक म्हणून येते. हिरालाल हे स्वतः या प्रदेशातील कोरीव लेखांचे मोठे जाणकार होते. त्यांच्यासारख्यांची ही स्थिती, तर पटवारी, मालगुजार, गावचे म्हातारे आणि भाट यांच्या वाट्याला नामोल्लेख येणे दूरच. हिस्लॉपच्या कागदपत्रांतून, रिचर्ड टेंपलच्या संपादनाने १८६६ मध्ये लिंगोचे गोंडी गीत प्रसिद्ध झाले. ते परधानांच्या मुखपरंपरेचे धन होते. ‘इंग्रजांनी लिहून ठेवले म्हणून कळले’ असे म्हणताना, कोणीतरी सांगितले म्हणून इंग्रजांना लिहिता आले, हे विसरणे म्हणजे त्या सांगणाऱ्याला दुसऱ्यांदा अनामिक करणे होय.

दुसरे देणे आज जिवंत असणाऱ्यांचे आहे आणि ते अधिक निकडीचे आहे. या ग्रंथांत कित्येक समाजांचे वर्णन जन्मजात गुन्हेगार, लबाड किंवा हीन म्हणून आले आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९११ च्या कायद्याने झालेला त्याचा विस्तार यांच्या पार्श्वभूमीवर ही वर्णने प्रशासनाच्या उपयोगाची होती. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. पुस्तक रद्द होत नाही. गावाचा इतिहास लिहिताना एखादा सद्भावनेचा हौशी लेखक ‘गॅझेटियरकालीन माहिती’ म्हणून तेच वर्णन उतरवून देतो, तेव्हा मेलेल्या कायद्याला तो जिवंत माणसांच्या दारात पुन्हा उभा करतो. त्या समाजातील विद्यार्थी शाळेच्या स्मरणिकेत ते वाचतो. त्याच्यासमोर ‘नोंद आहे’ हे समर्थन टिकत नाही. ज्याची नोंद झाली त्याला नोंद करणाऱ्यासमोर बोलण्याची मुभा नव्हती; म्हणून त्याच्याविषयीचे विधान उद्धृत करणाऱ्यावर सिद्धतेचा भार अधिक पडतो. समान मापाचे तत्त्व येथे मोडत नाही. चौथ्या प्रकारचे, म्हणजे ‘ठरविलेले’ विधान कधीही साक्ष नव्हते, एवढेच येथे ठामपणे आठवावे लागते.

७

या विवेचनातून हौशी वाचनाला निरुत्साह करणारा निष्कर्ष निघत नाही. हौस म्हणजे फळाची अपेक्षा न ठेवता एखाद्या गोष्टीवर केलेले प्रेम, असा अर्थ घेतला तर तिच्यावर प्रेमाचीच जबाबदारी येते. ज्या गावावर प्रेम आहे त्याच्याविषयी खोटी स्तुती स्वीकारणे हा त्या प्रेमाचा ऱ्हास आहे. ज्या शेजाऱ्यांमध्ये राहावयाचे त्यांच्याविषयीची जुनी निंदा पुढे चालविणे हाही ऱ्हासच आहे. यासाठी लागणारी शिस्त फार अवजड नाही. वाक्य उतरवून घेताना ते केलेल्याचे, पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे की ठरविलेल्याचे आहे हे शेजारी लिहावे. अनुकूल आणि प्रतिकूल मजकुराला एकच कसोटी लावावी. पुस्तकातील गोष्ट गावात पुन्हा विचारावी आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे. आवडता निष्कर्ष नव्या पुराव्याने डळमळला तर तसे लिहावे.

मराठी भाषेने या शिस्तीचा सारांश एका अव्ययात ठेवलेला आहे. बोलणारा निरक्षर असला तरी ‘म्हणे’ कोठे लावावयाचे हे त्याला बिनचूक समजते. ज्ञानाच्या मर्यादेची ही जाण छापील पुस्तकाच्या दबावाखाली हरवली. इंग्रजी राजवट जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. तिच्या पुस्तकांचे प्रामाण्य मात्र ‘नोंद आहे’ या वाक्यात टिकून आहे. त्या प्रामाण्यातून मुक्त होण्यासाठी पुस्तके टाकून देण्याचे कारण नाही. पवन राजाची गोष्ट सांगताना वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ परत ठेवले, तर पुस्तक आपल्या जागी राहते, गाव आपल्या जागी राहते, आणि सांगणाऱ्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ शकतो.